एकाला पंख नाहीत, एकाला तोंड नाही

काका कोणाशी हात मिळवत नसत. बाहेरून परीक्षक आले, त्यांनी हात पुढे केला, तरी काका दोन पावलं मागे सरून नमस्कार करायचे आणि तो बिचारा हात हवेतच राहायचा. कुणाला तो शिष्टपणा वाटे, कुणाला सोवळं. मलाही पहिला महिनाभर वाटलं, की हा माणूस स्वतःला समजतो तरी कोण? होते तर लॅब असिस्टंट, माझ्यासारखेच. फक्त माझ्या आधी पंचवीस वर्षं लागलेले.

परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले तेव्हाची ही गोष्ट. काकांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणी घेत नसे. बुटकेसे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला खोबरेल, आणि खिशात सुती दोऱ्याने बांधलेलं एक भिंग. वडील लालबागच्या गिरणीत होते, गाव मालवणकडचं. राहायला लालबागच्याच चाळीत, जिथे खाली मिरच्या कुटायला लागले की वरचे तिन्ही मजले शिंकायचे. काका म्हणत, "आमच्याकडे किडा येत नाय. त्याला पण नाक असतं."

कुठलाही किडा हातात घ्यायच्या आधी ते नळाखाली हात धरून उभे राहत. चांगली पाच मिनिटं. थंडीच्या दिवसांतसुद्धा. मग पुसून, फुंकर मारून, चिमट्याने काम सुरू. मी विचारलं तर म्हणाले, "हात तापलेला असला की माणूस घाई करतो." मला ते पटलंही. खरं कारण वेगळं होतं, हे मला पुढे कळलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे लेबल. टाचणीवर किडा, त्याच टाचणीत खाली नखाएवढं कार्ड, आणि त्यावर तीन ओळी : काय, कुठला, कोणी ठेवला. पहिल्या दोन ओळी कोणीही लिहाव्यात, तिसरी मात्र ज्याने ठेवला त्यानेच, स्वतःच्या हाताने, हा त्यांचा नियम. विभागप्रमुखांनी एकदा सांगितलं, "तुम्हीच लिहून टाका हो सगळ्यांची नावं, अक्षर चांगलं आहे तुमचं." काकांनी शंभरेक कार्डं तिसरी ओळ कोरी ठेवून परत केली. एकेका विद्यार्थ्याला बोलावून ती भरून घेतली. त्यात दोन आठवडे गेले आणि विभागप्रमुखांनी पुन्हा त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं नाही. लेबल नसलेला किडा काकांच्या लेखी कचरा होता. तरी तो टाकायला त्यांचा हात धजत नसे. असे सगळे बेवारस किडे दोन नंबरच्या कपाटात पडून होते.

बाजारातही हेच. दादरला आंब्याच्या पेटीवर 'देवगड' लिहिलेलं बघून ते विक्रेत्याला अगदी प्रेमाने विचारत, "हे तुम्ही लिहिलंत का आंब्याने सांगितलं?" त्यामुळे त्यांना बहुतेक वर्षी आंबे जूनमध्येच मिळत. घरी काकू वैतागलेल्या असत. मला म्हणायच्या, "ह्येंचा काय सांगू तुका. घरात झुरळ दिसला तरी आदी नर काय मादी ता बघतले, मगे माका मारूक देतले."

दरवर्षी नवी मुलं आली की पहिल्या प्रॅक्टिकलनंतर काका त्यांना थांबवून घेत. मग खास कपाटातून एक लाकडी पेटी निघे. रे रोडच्या वखारीतून आणलेल्या सागवानी तुकड्यांची ती पेटी त्यांनी स्वतः बनवली होती. काच नाही, घट्ट बसणारं लाकडी झाकण. आत फक्त दोन किडे. एक काचेच्या नळीत, स्पिरिटमध्ये बुडालेला, काळा, मुंगीपेक्षाही किरकोळ. आणि शेजारी टाचणीवर पसरलेला तळहाताहून मोठा पतंग, विटकरी रंगाचा, पंखांच्या टोकांना सापाच्या डोक्यासारखा आकार असलेला.

"दोघेही डोंगरातले," काका सुरुवात करत. "हा हिमालयातला, बर्फाच्या नदीवरचा. ही आपल्या सह्याद्रीतली, घाटाच्या रानातली. बघा, काही नातं दिसतं का?"

मुलं हसत. नातं कसलं दिसणार?

"हे चिलटाच्या जातीतलं. पण पंख गेलेत, नावाला खुणा राहिल्यात. बर्फावर वारा एवढा, की उडेल तो उडूनच जाईल. म्हणून ह्याने चालायचं ठरवलं. जन्म बर्फाच्या पाण्यात, मग बर्फावरून वर, वर, वर. आपल्याला जिथे मरण, तिथे ह्याचं घर. आणि ही बघा. अळी असताना खा खा खाल्लं. पतंग झाली, एवढे मोठे पंख मिळाले आणि तोंड गेलं. खायचं तोंडच नाही. जेवढं आत साठवलंय तेवढ्यावर थोडे दिवस. त्यातही ही मादी, फार उडत नाही. कोशाजवळ बसून राहते. नराला वास लागतो, तो रान पार करून येतो. त्याच्या मिशा बघायच्या, नेच्याच्या पानासारख्या रुंद. हिच्या बारीक. हिला शोधायचं नसतं ना, नुसतं थांबायचं असतं."

मग भिंग हातोहात फिरे. शेवटी एखादा हुशार विचारायचाच, "काका, ह्या दोघांत जास्त भारी कोण?" त्यावर काका पेटी मिटत. "डोंगराने दोघांकडून एकेक वस्तू काढून घेतली आणि दोघं जगले. भारी कोण हा प्रश्न परीक्षेत येतो, डोंगरात येत नाही."

मी ते भाषण सोळा वेळा ऐकलं असेल. दर वेळी बाटल्या धुवायचं थांबवून ऐकलं.

त्या चिलटाची गोष्ट त्यांनी मुलांना कधी पूर्ण सांगितली नाही. मला सांगितली, तीही मी लेबल वाचलं म्हणून. तरुणपणी ते प्राध्यापकांच्या एका तुकडीबरोबर सामान सांभाळायला हिमालयात गेले होते. लालबागचा मुलगा, बर्फ पाहिला होता तो मासळीच्या टोपलीतला. हिमनदीवर हे काळे ठिपके चालताना दिसले. सगळ्यांनी चिमट्याने उचलले. काकांना त्याचा फार लोभ वाटला. त्यांनी हातमोजा काढला आणि एक तळहातावर घेतलं. ते चार पावलं चाललं, वळवळलं आणि थांबलं. त्याला आपल्या हाताची ऊब सोसत नाही. आपल्याला थंडी मारते तशी त्याला ऊब मारते.

"मला वाटलं, गारठलं असेल. म्हणून मी मूठ मिटली," काका म्हणाले. "अजून ऊब दिली."

तुकडीतले सर म्हणाले होते, लिही 'मृत सापडला'. काकांनी लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : बर्फावरचं चिलट. हिमनदी. माझ्या तळहातावर मेलं. आणि खाली स्वतःची सही.

तेव्हापासून ते कोणाच्या हातात हात देत नव्हते. वेडेपणाच आहे हा, मी त्यांना तसं म्हटलंही. "माणसं नाही मरत काका उबेने." ते म्हणाले, "माझे बाबा मेले की." गिरणीत तीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात उभे राहिलेल्या वडिलांना गिरणी बंद झाल्यावर काकांनी हौसेने गावी नेऊन ठेवलं. खाट, पंखा, वेळेवर पेज. वर्ष काढलं नाही त्यांनी. "बाबा बिनपंखाचे होते," काका म्हणाले. "त्यांना चालू द्यायला पाहिजे होतं."

माणसांची त्यांनी अशी दोन खात्यांत वाटणी केली होती. बिनपंखाचे आणि बिनतोंडाचे. काकू बिनपंखाच्या. खालचा इस्त्रीवाला बिनपंखाचा. विभागप्रमुखांबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "ते डोंगरातलेच नव्हेत. सपाटीवरची माशी."

मी कुठल्या खात्यात, ते मला फार उशिरा सांगितलं. एका लेक्चरर बाईंच्या हातून महागड्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग खरवडलं गेलं. चूक माझ्या नावावर लिहून आली. मी कागद वाचला आणि गुपचूप सही केली. नोकरी जपायची, घरी सासूबाई आजारी, कशाला वाद. काकांनी विचारलं, "तू केलंस?"

"नाही."

"मग सही?"

मी बाटल्या धुवायला घेतल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं. "तू पतंग आहेस गो बाय," ते म्हणाले. "एवढे पंख, आणि तोंड नाही."

काका निवृत्त झाले. पेटी त्यांची स्वतःची, ती ते घरी घेऊन गेले आणि चाळीतल्या मुलांना जमवून भाषण द्यायला लागले. मग चाळ पाडायची ठरली, टॉवर होणार होता. भाडेकरूंना अँटॉप हिलला संक्रमण शिबिरात खोल्या मिळाल्या. काकांची खोली तळमजल्यावरची, भिंतीला ओल. पावसाळ्याच्या तोंडावर ते पेटी घेऊन गिरगावात माझ्या घरी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर दोरी.

"चार महिने ठेव. ओल बाधेल हिला तिकडे," ते म्हणाले. "डांबरगोळ्या महिन्याला बदल. तुला काय सांगायचं."

मला काय सांगायचं, खरंच. डांबरगोळी नसेल तर पंधरा दिवसांत भुंगेऱ्याच्या अळ्या लागतात, हे मी शेकडो मुलांना पाठ करून दाखवलं होतं. पण घर दोन खोल्यांचं. सासूबाईंना दमा. पेटी कपाटावर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना वास सहन होईना. मी गोळ्या काढल्या. म्हटलं, त्यांना जरा बरं वाटलं की परत घालू. कापूर घातला मधल्या काळापुरता, देव्हाऱ्यातला. कापूर काय, आठवड्यात उडून जातो. मग सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं, मग गणपती आले. पेटी माझ्या डोळ्यांसमोर होती. रोज साडी काढताना तिला धक्का लागायचा. मला ती दिसायची आणि आठवायची नाही. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

विसर्जनानंतर उघडली. नळीतलं चिलट जसंच्या तसं होतं, स्पिरिटमध्ये त्याला कोण हात लावणार? पतंगाच्या जागी टाचणी होती, टाचणीत लेबल होतं, आणि खाली विटकरी भुकटी. पंखाचं एक टोक तेवढं उरलं होतं, ते मी उचलायला गेले तर तेही विरलं.

त्या दिवशी मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं, फोन तरी केला असता. मी विचार केला की म्हाताऱ्याचं घर गेलंय, शेजार गेलाय, त्यात हे कशाला. हा विचार दयाळू आहे असं मला वाटलं. खरं तर मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, एवढंच.

दोन नंबरच्या कपाटात, बेवारसांमध्ये, तसाच एक पतंग होता. रंग तोच, आकार साधारण तोच. मी तो डब्यात घालून घरी आणला, पेटी साफ केली, काकांच्या टाचणीवर चढवला. खाली काकांचंच लेबल. त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीचं. नव्या डांबरगोळ्या घातल्या आणि रविवारी सकाळी अँटॉप हिलला गेले.

काकांनी आधी हात धुतले. पाच मिनिटं. मग पेटी गुडघ्यावर घेऊन झाकण काढलं, खिशातून भिंग काढलं आणि वाकले. मी समोर वेताच्या मोड्यावर बसले होते. भिंग पंखावरून सरकत डोक्याकडे गेलं आणि मिशांवर थांबलं, तेव्हा मला आठवलं.

मिशा रुंद होत्या. नेच्याच्या पानासारख्या. मी मादीच्या जागी नर आणून ठेवला होता.

सोळा वेळा ऐकलेलं भाषण. आणि घाईत मी तेवढंच बघितलं नव्हतं. शिवाय तो पतंग काकांनीच कित्येक वर्षं त्या कपाटात सांभाळला होता, ते त्याला पंखावरच्या डागावरूनही ओळखणार. काका वाकलेलेच राहिले. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग त्यांनी झाकण बसवलं, नीट दाबलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"बरं." मग आतल्या बाजूला वळून म्हणाले, "अगो, हिका चाय दी."

मी चहा प्यायले. दोन बिस्किटं खाल्ली. बसमध्ये मी स्वतःला समजावत आले की म्हातारपणी नजर अधू होते, त्यांना दिसलं नसणार. आंब्याच्या पेटीवरचं खोटं ज्याला लांबून दिसायचं, त्याच्याबद्दल मी असं समजावत होते.

त्यानंतर पाचेक वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. दिवाळीला, संक्रांतीला, एरवीही. पेटी टीव्हीच्या वरच्या फळीवर असायची, बंद. माझ्यासमोर त्यांनी ती पुन्हा कधी उघडली नाही. टॉवर काही पुरा होत नव्हता, काका खंगत चालले होते, पण शिबिरातली मुलं मात्र त्यांनी जमवली होती. एकदा मी गेले तेव्हा दारातच सात-आठ जण बसलेले. काकांनी शर्टाच्या खिशातून काचेची नळी काढली. चिलट. बर्फ, वारा, पंख गेलेले, वर वर चालणं, सगळं तसंच सांगितलं. मी दुसऱ्याची वाट बघत उभी होते. काका थांबले आणि म्हणाले, "चला, पळा आता."

एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोलले होते दोन किडे आहेत."

"आहेत ना. दुसऱ्याचं नंतर."

आयुष्यभर त्या माणसाने दोन किडे शेजारी ठेवून जी एक गोष्ट सांगितली, तिचा अर्धा भाग मी खाऊन टाकला होता. खोट्या लेबलावरच्या पतंगाबद्दल ते एक शब्द बोलणार नव्हते. आणि मला उघडं पाडणारही नव्हते. मध्ये अडकून त्यांनी गोष्टच अर्धी केली होती.

तेव्हा तरी बोलायचं. मुलं गेली होती, काकू दुकानात होत्या, आम्ही दोघंच. निघताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "अजून काय?" ते दर वेळी विचारायचे. आणि विचारून झाल्यावर थोडं थांबायचे. मला ती त्यांची लकब वाटायची.

"काही नाही," मी म्हणाले.

काका गेले ते मला दोन दिवसांनी कळलं. तेराव्यानंतर भेटायला गेले. काकूंनी फळीवरची पेटी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुझी गो. ह्येंनी सांगान ठेवलेला, ती इली की तिकाच दी. माका पण उघडूक दिल्यानी नाय." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पोरा कितीदा विचारीत, आजोबा दुसरो किडो दाखवा. तर म्हणत, तेचा सांगणारा माणूस येवचा हा अजून."

मी पेटी तिथे उघडली नाही. घरी आणली, नळाखाली हात धरले, पुसले आणि मग झाकण काढलं.

डांबरगोळ्या ताज्या होत्या. एका बाजूला काचेची नळी, चिलट, त्याचं जुनं लेबल. मध्ये एक रिकामी टाचणी, तिच्यावर फक्त मादीचं लेबल, काकांच्या सहीचं. तिची जागा त्यांनी तशीच ठेवली होती. आणि पलीकडे पतंग. त्याच्या टाचणीत नवीन कार्ड होतं. शाई फिकट झालेली, म्हणजे लिहिलं होतं त्याला बरीच वर्षं झाली होती. बहुधा मी पेटी आणून दिली त्याच आठवड्यात. अक्षर थोडं कापरं, पण काकांचंच :

नर. अ‍ॅटलस पतंग.
मूळ ठिकाण माहीत नाही. दोन नंबरचं कपाट.
कोणी ठेवला :

पुढे कोरं.

त्यांना माझं नाव लिहिता येत होतं. सोळा वर्षं मस्टरवर माझ्या नावाच्या वरच्या ओळीत ते सही करत होते. पण तिसरी ओळ ज्याने ठेवला त्यानेच भरायची. पाच वर्षं ती ओळ फळीवर माझी वाट बघत होती, आणि तिच्याखाली बसून मी चहा पीत होते.

मी घरातलं सगळ्यात बारीक पेन शोधलं. कार्ड टाचणीतून काढताना पतंगाच्या पंखाची थोडी धूळ बोटाला लागली. तिसऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं. जागा उरली होती, म्हणून त्याखाली अजून बारीक अक्षरात लिहिलं : मादी माझ्या घरी, डांबरगोळ्या न घातल्यामुळे गेली.

मग झाकण न लावता मी पेटी तशीच समोर ठेवून बसले. शाई वाळली. दाखवायला कोणी नव्हतं.